बारा इंचांचा पीळ: एका जुन्या .२४४ रेमिंग्टनचं प्रकरण

गेल्या नोव्हेंबरात उत्तर मिनेसोटाच्या जंगलात माझ्या मित्राने दीडशे यार्डांवरून एका व्हाइटटेल हरणावर गोळी झाडली. सकाळचे सव्वासात झाले होते, पारा उणे १२ होता. हरीण आडवं उभं होतं, वारा पडलेला होता, रायफल फांदीवर नीट टेकवलेली होती. हरणाने एक उडी घेतली आणि ते झाडीत दिसेनासं झालं.

आम्ही दोघांनी तीन तास माग काढला. बर्फावर खुरांचे ठसे स्वच्छ उमटले होते, पण रक्ताचा थेंब कुठेही नव्हता, तुटलेले केस नव्हते. शेवटी हरीण उभं होतं त्या जागेवर परत आलो, तेव्हा तिथून हातभर डावीकडे एका बर्चच्या पांढऱ्या सालीत ताजं भोक दिसलं. ते गोल नव्हतं. साल एका बाजूला ओरबाडली जाऊन भोक लांबट झालं होतं. गोळी टोकाने शिरण्याऐवजी कुशीवर पडून शिरली असावी, असं.

ते भोक बघून जीव भांड्यात पडला, कारण जनावर जखमी न होता सुटलंय याची खात्री झाली. पण त्याच भोकाने माझी झोपही उडवली. हातभर डावीकडे गेलेली गोळी वीतभरच डावीकडे गेली असती तर पोटात बसली असती आणि ते हरीण दोन दिवस कुठेतरी झुडपात तडफडत पडलं असतं. याच रायफलने, याच डब्यातल्या काडतुसांनी ऑगस्टमध्ये शंभर यार्डांवर पाच गोळ्या चहाच्या बशीत मावतील इतक्या जवळ पाडलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. फार चांगला नेम म्हणता येणार नाही, पण हरणाच्या छातीच्या मानाने पुरेसा. तीन महिन्यांत असं काय बदललं?

मी स्वतः शिकार करत नाही, कागदावर नेम धरतो. पुण्यात टूलरूममध्ये उमेदवारी केली, इथे येऊनही मोजमापाचंच काम करतो. मित्र मूळचा सांगलीचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या पिढीला शिकारीचा संबंध आजोबांच्या गोष्टींपुरताच. मिनेसोटात मात्र परवाना काढून ठरावीक हंगामात हरीण मारणं आणि वर्षभराचं मांस फ्रीजरमध्ये भरणं ही शेतकरी घरांतली साधी रीत आहे. मित्राला ती सासऱ्यांनी शिकवली. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि त्यांची रायफल याच्याकडे आली.

हातात काय होतं

रायफल रेमिंग्टनची, मॉडेल ७२२. हे मॉडेल १९४८ मध्ये बाजारात आलं आणि १९६२ मध्ये त्याची जागा मॉडेल ७०० ने घेतली. नळीवर ‘२४४ रेम’ असा ठसा, म्हणजे .२४४ रेमिंग्टन या काडतुसाची रायफल. दस्त्यावर सासऱ्यांच्या गालाच्या घर्षणाने पॉलिश उडून गुळगुळीत झालेली जागा.

.२४४ रेमिंग्टन नावाची काडतुसं आता दुकानात मिळत नाहीत. दुकानदाराने ‘६ एमएम रेमिंग्टन’चा डबा दिला, १०० ग्रेनच्या गोळीचा. म्हणजे साडेसहा ग्रॅमला किंचित कमी. यात दुकानदाराचं काही चुकलं नाही. दोन्ही नावांची पितळी केस, म्हणजे दारू भरलेलं नळकांडं, एकच आहे, मापात फरक नाही. (.२४३ विंचेस्टर हे मात्र निराळं काडतूस आहे. आकडे जवळचे दिसतात म्हणून ते या रायफलमध्ये कधीही घालू नये. गोळीचा व्यास सारखा असला तरी केस वेगळी आहे.)

मित्राचा पहिला निष्कर्ष सरळ होता. “अरे, साठ-पासष्ट वर्षांची नळी आहे. झिजली असणार. आता भिंतीवर लावायची.”

मला ते पटेना. झिजलेली नळी ऑगस्टमध्येही झिजलेलीच असते.

आधी नेहमीचे संशयित

गोळीला दोष देण्याआधी बाकी सगळं तपासावं लागतं, नाहीतर माणूस महिनोन्‌महिने काडतुसं बदलत बसतो आणि शेवटी दुर्बिणीचा स्क्रू सैल निघतो. आम्ही दुर्बिणीचे आणि दस्त्याचे सगळे स्क्रू तपासले, घट्ट होते. नळीच्या तोंडाची कड बघितली. तिथे एक बारीकसा टवका जरी उडाला असला तरी बाहेर पडताना गोळीच्या बुडाला वायूचा धक्का एका बाजूने जास्त बसतो. कापसाचा बोळा काडीवर घेऊन कडेवरून गोल फिरवला. कुठे खरखर असेल तर तंतू अडकतात. एकही अडकला नाही. मग नळी तांबं काढणाऱ्या द्रावणाने धुतली. निळे बोळे बरेच निघाले, पण आतले आटे टॉर्चच्या उजेडात धारदार दिसत होते. ही नळी झिजलेली नव्हती. सासऱ्यांनी ती जपून वापरली होती.

पुढच्या आठवड्यात रेंजवर गेलो. थंडी तशीच. शंभर यार्डांवर पाच गोळ्या. पसारा जेवणाच्या ताटाएवढा, आणि पाचांपैकी तीन भोकं लांबट. एका भोकाशेजारी कागदावर करड्या रंगाचा ओरखडा उठला होता, गोळीच्या कुशीचा. इथल्या नेमबाजांच्या बोलीत याला ‘की-होल’ म्हणतात, किल्लीच्या भोकासारखं.

हा ओरखडा दिसला की अर्धा तपास संपतो. नेम चुकलेल्या माणसाची गोळीसुद्धा गोल भोक पाडते. लांबट भोक म्हणजे गोळी हवेत डुलत होती.

पीळ मोजला

रायफलच्या नळीत आतून मळसूत्री चर कापलेले असतात. मराठीत त्यांना आटे म्हणणंच मला आवडतं, कारण स्क्रूच्या आट्यांशी त्यांचं नातं सख्खं आहे. गोळी त्या आट्यांतून जाताना स्वतःभोवती फिरू लागते. किती इंचांत एक पूर्ण फेरा, हा त्या नळीचा पीळ. आकडा जितका मोठा, तितका पीळ सावकाश आणि गोळीचं फिरणं कमी.

तो मोजायला कसलंही महागडं यंत्र लागत नाही. गॅरेजमध्ये रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, बोल्ट काढून बाजूला ठेवला. मूठ मोकळी फिरते अशा सफाईच्या सळईला घट्ट बसेल असा कापडी बोळा लावला. बोळा आट्यांत धरला की सळई ढकलताना आपोआप फिरते. सळईवर मार्करने एक उभी रेघ ओढली, रेघ वर असताना नळीच्या कडेशी चिकटपट्टीची खूण केली आणि सावकाश ढकलत गेलो. रेघ उजवीकडे कलली, खाली गेली, डावीकडून वर आली. ती पुन्हा बरोबर माथ्यावर येताच दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर पट्टीने मोजलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा १२ इंच, सुताचाही फरक नाही.

मोजणं आवश्यक होतं, कारण नुसत्या ठशावर विसंबून चाललं नसतं. रेमिंग्टनने या काडतुसाच्या पुढच्या काळातल्या काही रायफलींना ९ इंचांचा पीळ दिला होता, ठसा मात्र तोच ठेवला. आमची नळी जुन्या, १२ इंचांच्या जातीची निघाली.

मग व्हर्नियर घेऊन गोळी मोजली. १०० ग्रेनची टोकदार गोळी, निमुळत्या बुडाची, २६ मिलिमीटरच्या थोडी पुढे.

इथे भोवरा आठवावा. भोवरा जोरात फिरत असतो तोवर आरीवर ताठ उभा राहतो. वेग कमी झाला की आधी डोकं गोल गोल डुलायला लागतं, मग तो आडवा होतो. गोळीचंही तसंच. हवेचा दाब गोळीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे कुठेतरी लागतो आणि तिचं नाक सतत उलथवायला बघतो. गोळी जितकी लांब, तितका हा उलथवणारा जोर मोठा आणि तिला ताठ धरायला लागणारं फिरणंही जास्त. बुटका, रुंद भोवरा थोड्या जोरावर उभा राहतो, उंच शिडशिडीत भोवरा राहत नाही.

पिळाचा संबंध गोळीच्या लांबीशी असतो. वजनाशी असतो असं वाटतं ते एवढ्यासाठी की एकाच व्यासात एकाच धातूची जड गोळी अर्थातच लांब होते. डब्यावर मात्र वजनच छापलेलं असतं, लांबी कोणी छापत नाही. सगळा घोळ या एका गोष्टीने होतो.

वूलविचच्या लष्करी अकादमीतले गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सुटसुटीत सूत्र दिलं: व्यासाचा वर्ग, भागिले लांबी, गुणिले एक स्थिरांक. वेगवान गोळ्यांसाठी तो स्थिरांक १८० धरतात. आमच्या गोळीला हे सूत्र लावलं तर साधारण सव्वादहा इंचांचा पीळ हवा असं उत्तर येतं. नळीत आहे बारा.

अलीकडच्या काळात डॉन मिलर यांनी दिलेलं सूत्र जास्त उपयोगी पडतं, कारण त्यात वजन, वेग आणि हवेचं तापमानही धरता येतं. त्यातून एक स्थिरतांक निघतो. तो १ च्या खाली असेल तर गोळी कोलमडते, १.४ च्या पुढे असेल तर निर्धास्त राहावं. मी आधी ऑगस्टचे २७ अंश घातले. उत्तर आलं १.१५ च्या आसपास. उणे १२ घातले आणि उत्तर १ वर येऊन टेकलं.

कोडं सुटलं ते इथे. उणे १२ अंशांची हवा २७ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के दाट असते. उन्हाळ्यातल्या विरळ हवेत ती गोळी कशीबशी तोल सावरत होती, म्हणून बशीएवढा पसारा. नोव्हेंबरच्या दाट हवेने तिला ढकलून दिलं. ऑगस्टमध्येच तो बशीएवढा पसारा बघून आम्ही सावध व्हायला हवं होतं. ‘हरणाला पुरेसा आहे’ म्हणून मीच मान डोलावली होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

असा अनुभव येणारे आम्ही पहिले नव्हतो. अमेरिकी लष्कराच्या सुरुवातीच्या एम-१६ रायफलींचा पीळ १४ इंचांचा होता. कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत गोळ्या डुलू लागल्या, तेव्हा १९६० च्या दशकात तो १२ इंच करण्यात आला.

मग रेमिंग्टनने अशी नळी केलीच का?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण यात मूर्खपणा कोणाचाच नाही.

१९५५ मध्ये दोन कंपन्यांनी एकाच व्यासाची दोन काडतुसं बाजारात आणली. विंचेस्टरचं .२४३, त्यांच्याच .३०८ च्या केसची मान आवळून केलेलं. रेमिंग्टनचं .२४४, ७×५७ माउझरच्या वंशातल्या केसचं, आत थोडी जास्त जागा असलेलं. कागदावर रेमिंग्टन सरस होतं. पण विंचेस्टरने नळीला १० इंचांचा पीळ दिला आणि गोळ्या ठेवल्या ८० व १०० ग्रेनच्या. रेमिंग्टनने १२ इंचांचा पीळ दिला, गोळ्या ७५ आणि ९० ग्रेनच्या.

रेमिंग्टनच्या लोकांच्या डोळ्यांसमोर होता तो लांबवरून शेतातल्या खारींसारख्या बारक्या जनावरांवर नेम धरणारा माणूस. त्याच्यासाठी हलकी, आखूड, वेगवान गोळी आणि सावकाश पीळ हेच बरोबर. त्या काळच्या गोळ्यांच्या तांब्याच्या कवचाची जाडी सगळीकडे सारखी नसे, त्यामुळे गुरुत्वमध्य केसभर बाजूला सरकलेला असे. अशी गोळी जितकी जोरात फिरवाल तितकी ती नळीतून सुटताना बाजूला फेकली जाते. म्हणून लागेल तेवढंच फिरवावं, जास्त नाही. कारागिराच्या नजरेतून यात खोट काढता येत नाही.

गिऱ्हाईक मात्र वेगळं निघालं. शेतकऱ्याला एकच रायफल परवडे. त्याला उन्हाळ्यात खारी आणि नोव्हेंबरात हरीण, दोन्हींसाठी तीच हवी. हरणासाठी १०० ग्रेन पाहिजेत अशी त्याची ठाम समजूत. ९० ग्रेनने हरीण नीट पडतं, दहा ग्रेन म्हणजे जेमतेम पाच-साडेपाच गुंजांची गोष्ट, हे त्याला पटलं नाही. .२४३ विंचेस्टर धडाक्याने खपलं, .२४४ मागे पडलं. रेमिंग्टनने पीळ ९ इंचांवर आणला, पण तोवर नाव बदनाम झालं होतं. शेवटी १९६३ मध्ये त्याच काडतुसाला ‘६ एमएम रेमिंग्टन’ असं नवं नाव देऊन, १०० ग्रेनची गोळी घालून पुन्हा आणलं.

साठ वर्षांपूर्वीच्या त्या नामांतराचं शेपूट आमच्या हातात आलं होतं. डबा नव्या नावाचा, ९ इंची पिळासाठी भरलेला. नळी जुन्या नावाची.

आणि सासरे? त्यांनी याच रायफलने आयुष्यभर हरणं मारली, ती कशी? उत्तर गॅरेजच्या फडताळात सापडलं. खिळे-मोळे ठेवायला वापरलेला काडतुसांचा जुना पुठ्ठ्याचा डबा. त्यावर ‘२४४ रेमिंग्टन’ आणि त्याखाली ‘९० ग्रेन’. मित्राने तो दोन वर्षं रोज पाहिला होता.

हलकी गोळी, तरीही तेच

“मग सोपं आहे,” मित्र म्हणाला, “हलकी गोळी घेऊ.” आणि त्याने जी घेतली तिने आम्हाला पुन्हा तोंडघशी पाडलं.

घरात दोन लहान मुलं आहेत. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात राहतात, म्हणून त्याला निखळ तांब्याची गोळी हवी होती. काळजी रास्तच आहे. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला शिशाच्या गोळ्या वापरायला बंदी आहे. ओळखीच्या एका अनुभवी माणसाकडून त्याने ८५ ग्रेनच्या तांब्याच्या गोळ्यांची काडतुसं भरून घेतली. मीही ‘१०० वरून ८५, आता चालेल’ असं धरून चाललो. व्हर्नियर खिशात होता, पण काढला नाही.

जानेवारीत रेंजवर पहिल्याच कागदावर पुन्हा लांबट भोकं. घरी येऊन गोळी मोजली, २५ मिलिमीटरच्या वर. तांबं शिशापेक्षा हलकं, तेव्हा तेवढ्याच वजनासाठी गोळी लांब करावी लागते. वजन पंधरा ग्रेनने कमी झालं, पण लांबी मिलिमीटरभरच. नळीला तर लांबीच कळते.

आता मात्र नीट काम केलं. त्याच माणसाकडे जाऊन काडतुसं भरण्याआधी गोळ्यांचे नमुने मागितले आणि टेबलावर ओळीने मांडून एकेक मोजली. शेवटी निवडली ती ८५ ग्रेनची, शिशाच्या गाभ्याची, सपाट बुडाची, हरणासाठीच बनवलेली, आत शिरून फुटून न जाणारी. लांबी २३ मिलिमीटरच्या जवळ. निमुळतं बूड नसल्याने तेवढ्याच वजनात ती आखूड बसते. मिलरच्या सूत्राने साधारण हवेत १.३ च्या वर, उणे १२ मध्येही १.२. मला १.४ हवं होतं, पण या पिळात हरणाला शोभेल अशी गोळी घ्यायची तर हाच मध्य.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, पुन्हा कडाक्याच्या थंडीत, पाच गोळ्या. मधे नळी निवायला पुरेसा वेळ दिला. दुर्बिणीतून बघितलं तर पाचही भोकं गोल, आणि सगळी एका लिंबाने झाकता येतील एवढ्यात. मित्र कागद आणायला चालत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी परत जाऊन तसेच आणखी दोन कागद काढले, कारण एका कागदावर विश्वास ठेवायचा नाही हे ऑगस्टने शिकवलं होतं. दोन्ही तसेच आले.

पिळाशी लांबी जुळली म्हणजे सगळं जुळलं असं नाही. त्यानंतर दारूचा वेग, नळीचा कंप, काडतुसांचा लॉट असं बरंच उरतं. स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्य जिंकलं, त्या प्रकारातले नेमबाज एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट स्वतःच्या नळीतून मारून बघतात आणि जमलेला लॉट एकदम घेऊन ठेवतात. त्यांच्या बाबतीत पिळाचा प्रश्न केव्हाच मिटलेला असतो, म्हणून ते केसाइतक्या फरकाच्या मागे जाऊ शकतात. आम्ही पायाच्या दगडावरच अडखळलो होतो.

तांब्याचा प्रश्न मात्र या रायफलपुरता सुटलेला नाही. बंदूक दुरुस्त करणाऱ्याने ८ इंची पिळाची नवी नळी बसवून देतो म्हटलं. मित्राने नकार दिला, सासऱ्यांची नळी काढायची नाही म्हणून. या हंगामात शिशाची गोळी वापरायची, जखमेभोवतीचं मांस हात राखून न ठेवता काढून टाकायचं, आणि पुढे पैसे जमले की तांब्यासाठी वेगळी रायफल घ्यायची, असं त्याच्या बायकोने आणि त्याने मिळून ठरवलंय.

खिळ्यांचा तो जुना डबा आता रिकामा करून रायफलच्या पेटीत ठेवलाय. झाकणाच्या आत मित्राने मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे: ‘पीळ १२ इंच, मोजलेला. २३ मिमीपेक्षा लांब गोळी घालू नये. वजन बघू नका, मोजा.’